‘शोधप्रवासांची चित्रपुस्तकं मुलांना देऊ नका’ : फिरत्या मेसेजला उत्तर

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आधी आमच्या कोथरूडच्या ग्रुपवर आला, मग हडपसरच्या मावसबहिणीने तोच पाठवला, वर ‘वाचच’ असं लिहून. गोषवारा असा : कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन यांच्यावरची सचित्र पुस्तकं मुलांना घेऊन देऊ नका. कारण एक, ही लुटारूंची आरती आहे. दोन, वास्कोला खरं तर कानजी मालम नावाच्या गुजराती व्यापाऱ्याने इथे आणलं, त्याचं जहाज वास्कोच्या जहाजाच्या बारापट होतं, आणि पुस्तकं हे दडवतात. तीन, आपल्याकडे समुद्र ओलांडणं निषिद्ध होतं, तेव्हा या विषयात आपलं असं काही नाहीच. चार, चित्रं बघणारं मूल वाचायचं विसरतं. पाच, एवढे पैसे घालण्यापेक्षा व्हिडिओ दाखवा.

दुसऱ्या मुद्द्यात आपले लोक समुद्राचे राजे आणि तिसऱ्यात घराबाहेर न पडलेले. दोन्ही एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहिलंय. असो, एकेक मुद्दा घेऊ.

‘लुटारूंची आरती’ हे अर्धं खरं आहे. अप्पा बळवंत चौकात उभ्याउभ्या चार पुस्तकं चाळली तरी ते ठरलेलं चित्र सापडतं : मधोमध मखमली कपड्यांतला कोलंबस झेंडा रोवतोय आणि कोपऱ्यात झाडाआडून डोकावणारी, धड चेहराही न काढलेली माणसं. १२ ऑक्टोबर १४९२ ला तो ज्या बेटावर उतरला तिथे तायनो लोकांची वस्ती होती, आणि त्यांतल्या काहींना धरून त्याने स्पेनला नेलं. चित्राखाली हे येत नाही. शिवाय अशा पुस्तकांत एक थाप हमखास असते, जी मेसेजवाल्यांच्या नजरेतून सुटली : ‘तेव्हा सगळे पृथ्वी सपाट मानत, कोलंबसाने ती गोल ठरवली.’ शिकलेल्या लोकांना ती गोल असल्याचं शेकडो वर्षं माहीत होतं. आपल्या आर्यभटाने तर इसवी सन ४९९ मध्येच सांगून ठेवलंय की कदंबाच्या फुलगोळ्यावर जशा सगळीकडून पाकळ्या, तसे पृथ्वीच्या गोलावर सगळीकडून जीव. कोलंबसाचा त्याचा बेत तपासणाऱ्या स्पेनच्या दरबारी परीक्षकांशी वाद होता तो पृथ्वीच्या आकारमानाचा. त्याने ती फार लहान धरली होती आणि परीक्षकांचा हिशोब बरोबर होता. वाटेत अमेरिका आडवी आली म्हणून गडी वाचला. सपाट पृथ्वीची गोष्ट घरोघरी पोचवली ती अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२८ मध्ये लिहिलेल्या रंगतदार चरित्राने.

पण पुस्तकं वाईट निघाली म्हणून विषयच वर्ज्य करायचा? चांगल्या पुस्तकात जगाच्या नकाशावर मॅगेलनच्या सफरीची तुटक रेघ असते, ती बघा. सप्टेंबर १५१९ मध्ये पाच जहाजं आणि सुमारे २७० माणसं स्पेनहून निघतात. रेघ दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालते, पॅसिफिक ओलांडते आणि फिलिपिन्समध्ये मक्तान बेटापाशी तिचा रंग बदलतो. कारण तिथे २७ एप्रिल १५२१ ला मॅगेलन मारला गेला. दुसऱ्यांच्या भांडणात पडायला गेला होता, मक्तानचा सरदार लापुलापू याच्या माणसांनी त्याला आडवा केला. पुढची रेघ त्याचा सहकारी एल्कानो याची. ६ सप्टेंबर १५२२ ला परत आलं एकच जहाज, त्यावर १८ माणसं. हे पान बघून कुठलं मूल आरती म्हणेल? ते विचारतं, ‘बाकीचे कुठे गेले?’

आता कानजी मालम. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीच्या सुलतानाने वास्कोला एक वाटाड्या दिला, हे पक्कं. त्या सफरीच्या रोजनिशीत त्याचं नाव नाही. पुढच्या पोर्तुगीज इतिहासकारांनी त्याला गुजराती म्हटलंय. बरीच वर्षं तो प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिद होता असंही छापलं जायचं, पण ते आता अभ्यासक मानत नाहीत. बारापट मोठ्या जहाजाचा रोजनिशीत पत्ताही नाही. वाटाड्या पोर्तुगिजांच्याच जहाजावर चढला होता. तेव्हा वाटाड्या खरा, त्याचं अवाढव्य जहाज फॉरवर्डमध्ये बांधलेलं.

आणि ते जहाज हवंय कशाला? खरी गोष्ट जास्त मोठी आहे, आणि ती दोन बाणांच्या चित्रात मावते. वाटाड्या बरोबर असताना २४ एप्रिल १४९८ ला मालिंदी सोडलं आणि २० मेला कालिकतजवळ नांगर पडला. चार आठवडेसुद्धा लागले नाहीत. परतताना वास्को मोसमी वाऱ्यांची वेळ न सांभाळता ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला. तेच अंतर कापायला जवळजवळ तीन महिने लागले, हिरड्या सुजून, सडून तीस खलाशी मेले. वारा कधी कुठून वाहतो हे अरबी समुद्रावर ये-जा करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, लिस्बनच्या राजाला नव्हतं. ‘भारत शोधला’ या दोन शब्दांची हवा काढायला दहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

तिसरा मुद्दा, आपलं काही नाही. समुद्रयानाचा निषेध धर्मग्रंथांत आहे, हे खरं. पण लोक जातच नसते तर निषेध लिहायची वेळ कशाला आली असती? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण आहे, पैठण आहे, तेर आहे. कल्याणहून नाणेघाट चढून माल जुन्नरला यायचा. पुण्याहून तासा-दोन तासांवरच्या कार्ल्याला चैत्यगृहातल्या खांबांवर यवन दात्यांचे लेख आहेत. शेजारच्या एकवीरेला वर्षातून एकदा जाणारी किती कुटुंबं ते लेख बघतात, देव जाणे.

जुन्नरचंच घ्या. १४७० च्या आसपास, म्हणजे वास्कोच्या जवळजवळ तीन दशकं आधी, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरून जुन्नरला आला आणि पावसाळाभर अडकला. त्याच्या टिपणांत आहे : रात्रंदिवस पाणी आणि चिखल. घोड्यांना इथे खिचडी घालतात. गाव खडकावर, वर जायची वाट इतकी अरुंद की दोघं शेजारून जाऊ शकत नाहीत. मी जाईन तिथे लोक गोरा माणूस बघायला मागे लागतात. तिथल्या खानाने त्याचा शंभर रूबलचा घोडा ओढून नेला आणि धर्म बदलशील तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी करून त्याला सोडवलं. आता या प्रसंगाचं दोन पानी चित्र डोळ्यांसमोर आणा : पावसात भिजलेला, बावचळलेला युरोपीय पाहुणा, मागे जुन्नरची पोरं लागलेली, वर डोंगर. झाडाआडून डोकावायची पाळी कुणावर आलीय? कुणा चित्रकाराने हे पुस्तक केलं तर मी पहिली प्रत घेईन.

कुमाऊँचे नैनसिंह रावत तर अशा पुस्तकासाठीच जन्मले असावेत. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने परक्यांना बंद असलेल्या तिबेटात त्यांना यात्रेकरूच्या वेशात पाठवलं, आणि जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी मोजमापांचे कागद. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये सुवर्णपदक दिलं. ते नकाशे साम्राज्यासाठी होते हेही मुलांना सांगावं, त्यांना झेपतं.

‘चित्रं बघणारं मूल वाचत नाही’ याला उत्तर माझा आठ वर्षांचा भाचा आहे. जहाजाचा उभा छेद असलेलं पान त्याच्यापुढे होतं : खाली पाण्याची पिंपं, मध्ये बिस्किटांची पोती, उंदीर, वर डोलकाठी. काठीवरच्या कातड्यापाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पॅसिफिकमध्ये अन्न संपल्यावर मॅगेलनच्या खलाशांनी हे कातडं चार-पाच दिवस समुद्रात भिजवून, भाजून खाल्लं. भाच्याने ते बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, मग समोरच्या पानावरचा अख्खा मजकूर वाचून काढला, कारण त्याला उंदीरही खाल्ले का हे हवं होतं. (खाल्ले. विकतही घेतले.)

व्हिडिओबद्दल एवढंच : तो पुढे सरकतो, बोट ठेवू देत नाही. पैशांचं म्हणणं मात्र रास्त आहे, रंगीत पुठ्ठाबांधणीचं पुस्तक दर महिन्याला घेणं परवडत नाही. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एकेक घ्यावं आणि फिरवावं. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक तर ऑनलाइन फुकट वाचता येतात.

घ्यायचं ठरलंच तर दुकानात दोन पानं उघडून बघा. मॅगेलनच्या रेघेचा रंग मक्तानला बदलतो का? वास्कोच्या जहाजावर वाटाड्या काढलाय का, आणि त्याला चेहरा आहे का? नसेल तर पुस्तक परत ठेवा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.