पाठांतर नव्हे, विचार लागतो

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या खेळांवरचा एक लेख वाचला. फॅन्टसी लीग (खऱ्या ड्रायव्हरांचा आपला संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ) म्हणजे नशीब आणि शर्यतींच्या इतिहासाची कोडी म्हणजे घोकंपट्टी, हे त्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही.

आमच्या फोंड्यातल्या घरी क्वालिफायिंग (शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणारी फेरी) सुरू होण्याआधी, म्हणजे आपण निवडलेला संघ लॉक होण्याआधी, भाचा मोबाइल घेऊन मला गाठतोच. "मामा, ह्याला इंजिन बदलल्याची पेनल्टी आहे, मागून सुटणार, घेऊया ना?" पंधरा वर्षांच्या पोराचा हा हिशेब आहे. मागून सुटलेला चांगला ड्रायव्हर जागा मिळवत पुढे येतो, तेव्हा त्या जागांचेही गुण मिळतात. दहा कोटी डॉलरच्या बजेटमध्ये पाच ड्रायव्हर आणि दोन टीम बसवायच्या, त्यात नशिबाचा वाटा असला तरी डोकं जास्त लागतं.

कोड्यांचंही तसंच. १९७० साली कोणाच्या विजयामुळे त्याच्या टीमचा दिवंगत ड्रायव्हर जगज्जेता ठरला? तो दिवंगत ड्रायव्हर म्हणजे योखेन रिंट; इटलीतल्या मोंझाला सरावातल्या अपघातात तो गेला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याचं विजेतेपद पक्कं कसं झालं, हे शोधायला गुणतक्ता उघडावा लागतो. प्रतिस्पर्धी जॅकी इक्स गुणांमध्ये त्याला अजून गाठू शकत होता. अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनला एमर्सन फिटिपाल्डी रिंटच्याच लोटस टीमकडून जिंकला आणि ती शक्यता संपली. फिटिपाल्डीचा तो पहिलाच विजय! भाच्याने तक्ता मांडून हे उत्तर काढलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

लेखकाने भारतीय ड्रायव्हर नारायण कार्तिकेयनच्या २००५ च्या अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीबद्दलही लिहायला हवं होतं. सहाच गाड्या धावल्या, तो चौथा आला, पाच गुण मिळाले. सहाच गाड्या का धावल्या, ते मुलांना विचारून बघा.