सातपैकी सात

खान्देशात पाहुण्याचं पोट बिघडलं की पाहुण्यापेक्षा घराच्या जिवाला जास्त लागतं. भरताच्या पार्टीत माणसं नाक पुसत जेवतात, शेवभाजीच्या तर्रीत भाकरी चुरतात, कानातून वाफा निघाल्या तरी ताट पुढे करून ‘वाढा’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी कुणी पोट धरून बसलाच तर तो नक्कीच पुण्याकडचा असणार, एवढं बोलून विषय मिटतो. अमळनेरच्या आमच्या घरात सासूबाईंच्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडल्याची नोंद नव्हती. ती एका मांजरीने करून दाखवली.

नवऱ्याच्या मित्राची सावद्याला केळीची वखार आहे. तिथल्या मांजरीला पिल्लं झाली आणि त्यातलं एक केळीच्या खोक्यात बसून आमच्याकडे आलं. अंगावर पिवळे पट्टे, म्हणून लेकीने तिचं नाव ठेवलं शेव. नाव ठेवताना पुढे काय वाढून ठेवलंय याची कुणाला कल्पना असती तर दुसरं काहीही चाललं असतं. कारण त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे शेवभाजी झाली नाही.

शेव घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिला वाटीभर म्हशीचं दूध दिलं, वर साय. तिने वाटी चाटूनपुसून इतकी लख्ख केली की सासूबाईंनी ती दुसऱ्यांदा भरली. ‘खाई-पिई घरनी शे,’ असं प्रमाणपत्रही दिलं. संध्याकाळी दूध-भाकरी, रात्री पुन्हा दूध. सकाळी उठून पाहते तर न्हाणीघरापासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत शेवने आपला सगळा प्रवास जमिनीवर नोंदवून ठेवलेला.

चैत्र मध्यावर आलेला. बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात, त्यामुळे दुपारी बारानंतर मांजरच काय, माणूसही अंगणात पाय ठेवत नाही. शेजारच्या बांधकामावरची वाळू तगारीत भरून मी तिची सोय कोपऱ्यात करून ठेवली होती. पण ज्याला घाई असते तो कोपरा शोधत नाही. तिने जागा निवडली ती थेट कूलरसमोरची. आमचा कूलर पत्र्याचा, जुना, धिप्पाड. त्याने तो ऐवज वाळ्याच्या वासात मिसळला, गार केला आणि पंक्तीत वाढतात तसा घरातल्या प्रत्येकाला सारखा वाढला. वरच्या मजल्यावर झोपलेले सासरेसुद्धा उठून खाली आले. कूलर बंद करावा तर माणसं उकडतात, चालू ठेवावा तर माणसं पळतात. शेवटी सगळे ओट्यावर जाऊन बसलो. भर दुपारी अख्खं घर ओट्यावर दिसल्यावर गल्ली विचारणारच.

‘काय व्हयनं वं?’

इथून तो विषय आमचा राहिला नाही. अमळनेर हे तत्त्वज्ञानाचं गाव. इथलं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ सालचं, साने गुरुजी इथेच मास्तर होते, २०२४ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलनही इथे भरलं. अशा गावात साधा जुलाबसुद्धा कारणमीमांसेशिवाय सुटत नाही. समोरच्या वहिनींच्या मते दृष्ट. कोपऱ्यावरच्या आप्पांनी ती कोणत्या वारी आणली ते विचारलं, मंगळवार निघाला, तेव्हा लगेच मंगळग्रह मंदिराची वाट दाखवली. एकीने जायफळ उगाळून द्यायला सांगितलं, दुसरीने डाळिंबाची साल, तिसरीने दही-भात. एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी ‘लंघन, बाकी काही नाही’ असा निकाल दिला. औषधाच्या दुकानात काम करणारा एक पोरगा तर माणसाची जुलाब बंद करायची पट्टी खिशात घेऊनच आला होता. स्वतःच्या पोटाबद्दल डॉक्टरसमोरही लाजणारी ही माणसं मांजरीच्या बाबतीत रंग, वास, पातळपणा सगळं सविस्तर विचारत होती. मीही सांगत होते.

जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा तिथे दोन शेळ्या, एक लंगडा गोऱ्हा आणि एका म्हशीचा नुसता मालक बसला होता. केसपेपर लिहिणाऱ्या माणसाने मान वर न करता विचारलं, ‘वेत कितवं? दूध किती?’ मी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. त्याने दोन्ही रकान्यांत आडव्या रेघा ओढल्या.

डॉक्टर मात्र मन लावून बघणारे. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती झटकन जागेवर गेली, म्हणजे अंगातलं पाणी अजून फार कमी झालेलं नाही. हिरड्या बघितल्या, ओल्या आणि गुलाबी. मग विचारलं, ‘खायला काय देता?’ मी यादी सांगत गेले आणि त्यांची मान हलत गेली, आडवी. दुधातली साखर फोडायला आतड्यात लॅक्टेज लागतं. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांत ते कमी होत जातं. मग ती साखर न पचता पुढे जाते, मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस करतात. बाकीचा कार्यक्रम आम्ही कूलरसमोर बघितलाच होता. त्यात नवं घर, नवी माणसं, एकदम बदललेलं खाणं. आणि पिल्लांना जंत तर आईच्या दुधातूनही येतात, म्हणून ताजी शी तपासून घ्या.

गल्लीतले उपाय मी त्यांच्यापुढे एकेक करून ठेवले. लंघन? नाही. पिल्लू उपाशी ठेवलं तर लवकर गळून जातं, आणि मोठी मांजर काही दिवस खाल्ल्यावाचून राहिली तर तिच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. जायफळ? नाही. भाजीतला रस्सा? अजिबात नाही, कांदा-लसणाने मांजरीच्या तांबड्या पेशी फुटतात. माणसाच्या गोळ्या? इथे ते एकदम ताठ बसले. ‘पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीला मारू शकते.’ शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या सुरू झाल्या किंवा ती मलूल पडली तर रात्र न काढता आणायचं. तोवर उकडलेली कोंबडी. बिनमिठाची, बिनतिखटाची.

घरी आल्यावर मी आधी दुधाचं सांगितलं. सासूबाई शिरपूरकडच्या. एरवी प्रमाण मराठीत बोलतात, राग आला की अहिराणीत उतरतात.

‘मांजरले दूध पचत नही? आते म्हनशी, बोकड्याले पाला बी पचत नही!’

मी लॅक्टेज सांगायला गेले. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, ‘डॉक्टर कुठले?’ बाहेरगावचे आहेत म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

कोंबडीचं सांगायला खरी हिंमत लागली. सासरे माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा डब्यात लपून येतं आणि बाहेरच्या बाहेर संपतं. सगळे नानांच्या तोंडाकडे बघत उभे. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, ‘माळ माझ्या गळ्यात आहे. मांजरीच्या नाही.’

मग परसात तीन विटांची चूल मांडली, एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं कायमचं बाटवलं आणि नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाक केला. वाऱ्याला दिशा कळत नाही. माळकऱ्याच्या परसातून आलेला तो वास गल्लीने ओळखला आणि दोन दिवस नानांना ‘रामकृष्ण हरी’ जरा जास्तच लांबवून म्हटलं. सासूबाई लांब खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून सूचना द्यायच्या. मीठ नाही, हळद नाही, फोडणी नाही, असं अन्न आपल्या घरातून कुणाच्या पुढ्यात जातंय हेच त्यांना सहन होत नव्हतं. ‘बिचारीनी काय गुन्हा कया?’ असं त्या पातेल्याकडे बघून म्हणायच्या. त्यात कोंबडी थोडी थोडीच द्यायची, दिवसातून चार-पाच वेळा. आग्रह करायचा नाही. या जिल्ह्यात पाहुण्याला आग्रह न करणं म्हणजे त्याला दार दाखवणं.

डॉक्टरांनी एक तक्ता दिला होता. शीच्या घट्टपणाला १ ते ७ गुण द्यायचे. १ म्हणजे सुके खडे, ७ म्हणजे पाणी. २ आलं म्हणजे गाडी रुळावर. ही जबाबदारी नानांनी मागून घेतली. ते निवृत्त मुख्याध्यापक, दाखल्यावर सही करायला हात अजून शिवशिवतो. शंभर पानी वही घेतली, समास आखला, तारीख, वेळ, गुण, शेरा असे रकाने पाडले. पहिल्याच दिवशी वहीत बघते तर शेवला सातपैकी सात आणि शेऱ्यात ‘उत्तम प्रगती’. जास्त गुण म्हणजे जास्त वाईट, हे समजावताना मला घाम फुटला. ‘ही कसली परीक्षा?’ म्हणून त्यांनी वही बाजूला ठेवली, पण थोड्या वेळाने परत उघडून ‘उत्तम’ खोडलं आणि ‘सुधारणेस वाव’ असं लिहिलं.

नमुना तपासायला धुळ्याला न्यायचा होता. ताजा हवा, गार ठेवायला हवा आणि उन्हाच्या आत पोचायला हवा. फ्रिजला सासूबाईंनी हात लावू दिला नाही. नमुन्यासाठी दुसरी डबी नव्हती, म्हणून जळगावच्या सोनाराकडून कानातले आणले होते ती प्लॅस्टिकची लाल डबी घेतली, पिशवीत गुंडाळली, बाजूला बर्फ ठेवला आणि सकाळची एसटी पकडली. डबी सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. शेजारच्या बाईंनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच कानाशी येऊन म्हणाल्या, ‘ताई, पर्समा ठेवा. आजकाल गाडीमा चोर फार.’ पुढे त्या पूर्ण रस्ताभर माझ्या पलीकडे बसलेल्या माणसावर नजर ठेवून होत्या. उतरताना त्यांनी भाव विचारला. मी म्हटलं, माहेरची आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंतांची अंडी सापडली. आता औषध वजनावर द्यायचं, म्हणून शेवला पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं. सव्वा किलो. दुकानदाराने सवयीने विचारलं, ‘अजून काय?’

गोळी देण्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण माझ्या हातावरचे ओरखडे अजून सविस्तर सांगतायत. टॉवेलमध्ये गुंडाळली, जबडा उघडला, गोळी जिभेच्या मागे टाकली, तिने कडू लागताच तोंडाला फेस आणला. नाना ओरडले, ‘पिसाळली!’ आणि जवळच्या खुर्चीवर चढले. आणि ही गोळी दोन आठवड्यांनी परत द्यायची होती, कारण औषध मोठे जंत मारतं, मागून वाढणारे उरतात.

शी हळूहळू घट्ट होत गेली. नानांच्या वहीत सहा, पाच, मग बरेच दिवस चार. कोंबडीत मांजरीचं तयार खाणं आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत नेलं. एके सकाळी नाना अंगणातून हाका मारत आले, ‘दोन! दोन आले!’ समोरच्या वहिनींना वाटलं पाहुणे आले, त्यांनी चहाचं आधण वाढवलं. सासूबाईंनी तगारीत डोकावून खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, ‘मग आते थोडं दूध?’

अक्षय तृतीया, म्हणजे आमची आखाजी, त्याच आठवड्यात आली. नणंदा आल्या, झोके बांधले, खापरावरचे मांडे आणि आमरस. सासूबाईंनी सगळ्यांना आग्रह केला आणि कधी नव्हे तो स्वतःलाही केला. मांड्यावर मांडा, रसावर रस, वरून वाटीभर दूध. रात्री त्या चार वेळा उठल्या. सकाळी भिंतीला धरून बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या, कुणाशी काही बोलल्या नाहीत.

नानांनी वही उघडली, नवं पान काढलं, समास आखला आणि पेन हातात धरून विचारलं, ‘किती?’