खुलासा: काटा थरथरला म्हणजे सील गेलं असं नाही

माझदा १३बी (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) इंजिन लावलेल्या, घरी बांधलेल्या विमानांबद्दल एक मेसेज फिरतोय: मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा) काटा थरथरतोय म्हणजे एपेक्स सील (रोटरच्या टोकाची पट्टी) गेलं, इंजिन उघडा. तसं नाही. हे दोन रोटरचं इंजिन शाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोनदा हवा ओढतं. ६००० आरपीएमला सेकंदाला २०० हिसके. तेच नळीतून गेजपर्यंत पोचतात. नळीत बारीक भोकाचा अडसर (जेट) आणि पुढे छोटी डबी बसवली की काटा निवतो. डबी मात्र फक्त गेजच्या फाट्यावर. ईसीयूच्या (इंधन ठरवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) नळीवर लावा, असं मीच मागे लिहिलं होतं, ते चूक. थ्रॉटल झटकन उघडताना दाब ईसीयूला उशिरा कळतो, इंधन मागे पडू शकतं. सीलची शंका असेल तर कॉम्प्रेशन बघा, रोटरच्या तिन्ही बाजूंचे दाबाचे ठोके सारखे हवेत. तो मेसेज आणि माझी जुनी पोस्ट, दोन्ही कृपया पुढे पाठवू नका.