शाफ्टवरचा झेंडू

लेकीने इंजिनिअरिंगला इलेक्ट्रिकल घ्यायचं ठरवलं आणि आमच्या सावद्यात ती आपोआप वायरमन झाली. ‘सीईटीला किती पर्सेंटाइल?’ हा प्रश्न कमी जणांचा. ‘ताई, एक फेज गेला की मोटार नुसती घुमते, काय करू?’ हे विचारणारे जास्त. (लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. फुकट सल्ला.)

मग कॉलेज. शेजारचे नाना म्हणाले, जुनं कॉलेज बघा. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. आमचं जळगावचं सरकारी १९९६ चं, म्हणजे नानांच्या हिशेबाने अजून पाळण्यातच. माझ्या आईची अट एकच: भुसावळला बसलं की गाडी बदलायची नाही. पुणे, कराड, सांगली तिन्ही महाराष्ट्र एक्सप्रेसवर. तिथली कॉलेजं हा मार्ग बघूनच काढली, याबद्दल तिला शंका नाही.

एका खासगी कॉलेजात आम्ही प्रत्यक्ष गेलो. एसी केबिन, गार कॉफी, ‘प्लेसमेंट शंभर टक्के’. लेक म्हणाली, ‘मशीन लॅब बघू?’ किल्ली शोधण्यात बराच वेळ गेला. आत डीसी मोटार, आणि तिच्या शाफ्टवर झेंडूचा वाळून कोळ झालेला हार. खंडेनवमीचा. आम्ही गेलो होतो जुलैत.

‘पप्पा,’ लेक कानात म्हणाली, ‘ही एकदा जरी फिरली असती तर हार राहिला असता का?’

सर कौतुकाने म्हणाले, ‘आमच्याकडे पूजा दरवर्षी होते.’

राहिला ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी. मेहुणे म्हणाले, ‘खात्रीचं कॉलेज वर टाक भो, रिस्क नको.’ लेकीने मामाला समोर बसवलं. यादी वरून खाली तपासतात; कटऑफमध्ये बसणारं पहिलं कॉलेज मिळतं. आवाक्याबाहेरचं वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. उलट पहिल्या नंबरवरचं लागलं की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की. मग पुढच्या राऊंडचं नाव काढायचं नाही. मेहुण्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘तरी पण कॉम्प्युटर बघितलं असतं.’

शेवटी वर सीओईपी, मग सांगलीचं वालचंद, कराड, जळगाव. झेंडूवालं कॉलेज यादीतच नाही. फॉर्म लॉक केला त्याच रात्री आईने मला सांगलीचं तिकीट काढायला लावलं. नंतर वेटिंग लागतं म्हणे. बर्थ कन्फर्म झालाय. सीट अजून व्हायचीय.