सहा डोळ्यांची छाटणी

काल शेजारच्या बाईंनी कुंपणावरून स्वतःच्या लायलॅकच्या फुलांचा एक गुच्छ माझ्या हाती ठेवला. दहाव्याला भेटायला आल्यासारखा त्यांचा तो हळवा चेहरा मला अजून बोचतो आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये राहून मे महिन्यात दारचा लायलॅक न फुलणे, म्हणजे पंढरपुरात घर असून आषाढीला बुक्का उसना आणणे होय. येथील हायलंड पार्कात १८९२ साली २० जातींपासून सुरू झालेला संग्रह आज ५०० जातींच्या पुढे गेला आहे, आणि माझ्या अंगणातल्या एका झुडपाला मात्र नुसती पाने आहेत.

याचे कारण माझे सासरे अण्णा. ते निफाडचे द्राक्षबागायतदार. गेल्या ऑक्टोबरात आले, पानावरचा पांढरा थर बोटाने पुसून त्यांनी ‘भुरी’ असे निदान केले आणि ते अगदी बरोबर निघाले. तेथेच माझी फसगत झाली.

“जावईबापू, ऑक्टोबर लागला आणि छाटणी नाही?”

“अण्णा, हा द्राक्षवेल नाही, फुलझाड आहे.”

“काडीला डोळे आहेत ना?”

“आहेत.”

“मग सहा राखायचे, वरचे उडवायचे. डोळे फुटायला लावायची पेस्ट इथे कुठे मिळते?”

महिनाभरात बर्फ पडू लागेल, आत्ता डोळे फोडले तर ते गारठून मरतील, असे मी परोपरीने सांगितले. त्यावर, “थंडीने माल गोड होतो,” असे उत्तर मिळाले. ‘लायलॅक’ हा शब्द फारसीतून आपल्या ‘नीळ’पर्यंत पोचतो, ही माहिती मीच कौतुकाने त्यांना पुरवली होती, तेव्हापासून हे झाड त्यांच्या लेखी घरचेच झाले होते.

द्राक्षाचा घड काडीच्या खालच्या डोळ्यांत दडलेला असतो, तर लायलॅकच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन शेंड्याशी बसतात. म्हणूनच त्याची छाटणी फुले सुकताच उरकायची असते. अण्णांनी डोळे मोजून, काटेकोरपणे, एकूण एक कळी उडवली.

यावर घरात मला सहानुभूती मिळावी, ही अपेक्षा फार नव्हती. परंतु “बाबांनी एवढ्या लांब येऊन कष्ट केले,” हे ऐकवले गेले, आणि चार वर्षे फुलाची वाट पाहत त्या आळ्यात वाकलेली माझी कंबर कोणाच्याच हिशेबात आली नाही.

रात्री व्हिडिओवर अण्णांना पानांनी भरलेले झुडूप दाखवले. ते समाधानाने म्हणाले, “फूट झकास आहे. माल धरला नाही, म्हणजे छाटणी हलकी झाली. यंदा चारच डोळे राखू. व्हिसा दहा वर्षांचा आहे.”