पाट्या टाकणाऱ्याला ‘कासाब्लांका’ जमत नाही

परवा रात्री ‘कासाब्लांका’ हा दुसऱ्या महायुद्धातला जुना हॉलिवूडपट पुन्हा पाहिला. रिकच्या कॅफेत जर्मन अधिकारी तारस्वरात आपलं गाणं म्हणत असतात. नाझींविरुद्ध लढणारा लाझलो तडक बँडपाशी जाऊन ‘ला मार्सेयेज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, वादक रिककडे बघतात, रिक नुसती मान हलवतो. मग अख्खा कॅफे गायला लागतो. तिथे दर वेळी माझा गळा दाटून येतो, परवाही आला.

आणि दर वेळी त्याचा दिग्दर्शक मायकेल कर्टिझ याच्याबद्दलचं तेच ते मत आठवून चीड येते. म्हणे, वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचा पगारी माणूस, हातात येईल ती पटकथा घ्यायचा आणि चित्रपट उरकायचा. ‘कासाब्लांका’ म्हणे नशिबानं जमून आला. दिग्दर्शकाचा स्वतःचा ठसा शोधणाऱ्या समीक्षकांनी हॉक्स, फोर्ड, हिचकॉक या दिग्दर्शकांना डोक्यावर घेतलं आणि कर्टिझला खालच्या पंगतीत बसवलं. मला हे साफ चुकीचं वाटतं.

हा माणूस १८८६ साली बुडापेस्टमधल्या ज्यू घरात जन्मला. मूळ नाव मानो कामिनर, पुढे मिहाय केर्तेस, अमेरिकेत मायकेल कर्टिझ. १९१९ मध्ये हंगेरीतल्या क्रांती सरकारनं चित्रपटधंदा ताब्यात घेतल्यावर तो व्हिएन्नाला गेला. तिथून १९२६ साली हॉलिवूडला, चाळिशीच्या उंबरठ्यावर. तोवर युरोपात साठेक चित्रपट त्याच्या नावावर होते, अमेरिकेत आणखी शंभराच्या आसपास झाले. त्याच्या मोडक्या इंग्रजीचे किस्से लोक अजून हसत हसत सांगतात. स्वाराविना घोडे हवे होते तेव्हा तो ‘रिकामे घोडे आणा’ म्हणाला, असं अभिनेता डेव्हिड निव्हननं लिहिलं आहे. मला मात्र त्या वयात तिसऱ्या देशात, परक्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून उभा राहिलेला माणूस दिसतो.

१९३८ हे एकच वर्ष घ्या. ‘रॉबिन हूड’मध्ये तलवारबाजी चालू असते आणि मध्येच दोघेही चौकटीबाहेर जातात, दगडी खांबावर फक्त त्यांच्या सावल्या लढत राहतात. त्याच वर्षी जेम्स कॅग्नीचा ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’, त्याच वर्षी ‘फोर डॉटर्स’ हा घरगुती चित्रपट. शेवटच्या दोन्हींसाठी त्याला एकाच वर्षी ऑस्करची नामांकनं होती. पुढे १९४५ मध्ये ‘मिल्ड्रेड पियर्स’, ज्यासाठी जोन क्रॉफर्डला ऑस्कर मिळालं. १९५८ मध्ये एल्व्हिसचा ‘किंग क्रिओल’. पाट्या टाकणारा माणूस सावल्यांवर एवढी मेहनत घेतो का?

तो सेटवर कठोर होता, कधी कधी क्रूरही. ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’च्या हल्ल्यात तारा लावून घोडे पाडले गेले, त्यात कित्येक मेले. चित्रपटाचा नायक एरल फ्लिन त्याच्यावर भयंकर संतापला होता. कलेच्या नावाखाली यावर पांघरूण घालायची माझी तयारी नाही. तो चित्रपट मी पुन्हा पाहू शकलेले नाही.

पण ‘कासाब्लांका’ योगायोगानं झाला, हे ऐकून घेणार नाही. पटकथा शूटिंग चालू असतानाही लिहिली जात होती, हे खरंच. मग त्या धावपळीत एवढा एकजीव चित्रपट उभा केला कुणी? श्रेयनामावलीतल्या कलाकारांपैकी जेमतेम तिघे अमेरिकेत जन्मलेले. नाझी मेजर रंगवणारा कॉनराड फाइट स्वतः ज्यू पत्नीसह जर्मनी सोडून आलेला. वेटर कार्ल झालेला साकाल कर्टिझच्याच बुडापेस्टचा, त्याच्या तीन बहिणी छळछावण्यांत गेल्या. कर्टिझनं आईला अमेरिकेत आणलं होतं, पण बहिणीच्या कुटुंबाला पुढे आउशवित्झला नेलं गेलं, तिचा नवरा तिथून परतला नाही. घर सुटणं म्हणजे काय, हे त्या सेटवर कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

‘ला मार्सेयेज’ चालू असताना गाता गाता डोळ्यांत पाणी आलेली ती मुलगी आठवते? मादलेन लबो. १९४० मध्ये जर्मन फौजा येत असताना ती पॅरिसहून नवऱ्याबरोबर निसटली होती. तो मार्सेल दालिओ, याच चित्रपटात जुगाराच्या टेबलावर उभा असतो. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा त्या गर्दीतून कॅमेरा नेमका तिच्या चेहऱ्याशी कसा येऊन थांबतो, तेवढं बघा.