किती देते?

माझी गाडी १२ देते, असं मी गेली दोन वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. मध्यंतरी एका रविवारी सकाळी सव्वाआठला ती ८.६६ द्यायला लागली. इंजिनात काही बिघडलं नव्हतं, डिझेलमध्येही काही खोट नव्हती. मुलुंडच्या एका पंपावर, स्कूटरच्या हुकाला दुधी लटकवून उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला फक्त दोन शब्द विचारले होते.

"किती देते?"

हा प्रश्न आपल्याकडे मुळात म्हशीचा. गोठ्यात शिरलेला पाहुणा म्हशीभोवती एक चक्कर मारतो आणि विचारतो, किती देते? मालक दोन लिटर वाढवून सांगतो, पाहुणा मनातल्या मनात तीन लिटर कमी करतो आणि दोघं चहा पितात. दारात गाड्या आल्या तरी प्रश्न तोच राहिला. म्हैस लिटर देते आणि गाडी लिटर घेते, एवढाच फरक. पण वाढवून सांगण्याची आणि ते ऐकून घेण्याची रीत कायम आहे. ती रीत या गृहस्थांना कुणी शिकवलेली नव्हती.

माझी गाडी म्हणजे डबल केबिनचा पिकअप. पुढे पाच माणसं, मागे उघडा हौदा, वजन दोन टनांच्या घरात. मुंबईत असली गाडी कशाला घेतली, हे बायकोने विचारून झालेलं आहे, तुम्ही विचारू नका.

"बारा," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं?"

इतक्या वर्षांत मला हा उपप्रश्न कुणी विचारला नव्हता. "कुणी म्हणजे? गाडीच दाखवते."

"आत्ता काय दाखवते?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. "नऊ पूर्णांक सहा."

"मग बारा कुठून आणलेत?"

बारा मी समृद्धीवरून आणले होते. इगतपुरीच्या पुढे सगळे बाजूने भन्नाट जात असताना मी ८० च्या वर काटा जाऊ दिला नव्हता, तेव्हा एकदा स्क्रीनवर १२.१ उमटलं होतं. मी गाडी घेतल्याचे फोटो काढले नसतील, पण त्या आकड्याचा काढला होता. तो फोटो दाखवायला मी फोन बाहेर काढला.

गृहस्थांनी तो बघितलासुद्धा नाही. "समृद्धीवर राहता?"

एव्हाना नोझल खट् करून थांबलं होतं. पंपावरच्या पोराने सवयीने विचारलं, "सर, राउंड फिगर करू?"

"हात लावू नकोस!" गृहस्थ ओरडले. खुनाच्या जागी इन्स्पेक्टर पोचण्याआधी कुणी चाकू उचलावा आणि हवालदाराने ओरडावं, तसे. पोराचा हात नोझलवरच थिजला. त्यानंतर माझी जी उलटतपासणी झाली, तेवढी कर्ज देताना बँकेनेही केली नव्हती.

"मागच्या वेळी टाकी फुल केली होती?"

"हो."

"इथेच?"

"इथेच."

"याच मशीनला?"

"अहो काका, ते कसं लक्षात..."

"असू दे. कट झाल्यावर वर टाकलं होतं का?"

"नाही."

"ट्रिप शून्य केली होती?"

केली होती. ती सवय मला आहे. शून्य करायचं, आणि पुढे त्या आकड्याचं काहीही करायचं नाही. ट्रिपवर ४१२ किलोमीटर होते, मशीनवर ४७.६० लिटर. गृहस्थांनी खिशातून डायरी काढली. कुठल्याशा पतपेढीने वाटलेली, २०१७ सालची. त्यांनी डोळे मिटले. "सत्तेचाळीस सहा आठे तीनशे ऐंशी पूर्णांक आठ. उरले एकतीस दोन. त्यात पासष्ट शतांश बसतात, वर चिमूटभर उरतं." डोळे उघडले. "आठ पासष्ट. जाऊ द्या, तुम्हाला सहासष्ट देतो."

आयुष्यभराची कमाई हवालदाराने तोडपाणी करून परत करावी, तसं मला वाटलं.

गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले. डेपोत डिझेलचा हिशेब ठेवायचे. "आमच्याकडे केपीटीएल. दहा लिटरला किलोमीटर किती, असं. एका लिटरला विचारलं की माणूस थापा मारतो, दहा लिटरला विचारलं की लाजतो." ड्रायव्हरच्या नावापुढे आकडा लिहिला जायचा म्हणे, आणि ज्याचा कमी यायचा तो आठवडाभर कॅन्टीनमध्ये मान खाली घालून बसायचा. मी पंपावर मान खाली घालून उभा होतो. माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, की त्याला पगार मिळत होता.

"पण काका, गाडीत कॉम्प्युटर आहे," मी म्हणालो.

"तो डिझेल मोजतो का?"

इथे मी गप्प बसलो, कारण उत्तर मला माहीत होतं. डॅशबोर्डवरच्या आकड्यामागे लिटरचं माप नसतं. इंजेक्टर किती वेळ उघडला आणि पाइपात दाब किती होता, यावरून प्रत्येक पिचकारीत किती डिझेल गेलं असेल याचा अंदाज बांधतात आणि मिनिटाला हजारोंनी उडणाऱ्या त्या पिचकाऱ्यांची बेरीज करतात. अंदाज जरासा गोड असला की बेरीजही गोड होते. आणि गाडी विकणाऱ्याने तो कडू का ठेवावा?

"म्हणजे कंडक्टरने तिकिटं न मोजता गर्दी बघून गल्ला सांगायचा," गृहस्थ म्हणाले. मला हे सुचायला हवं होतं.

मागे हॉर्न सुरू झाले होते. पांढऱ्या सेडानमधून एक जण तावातावाने उतरून आला. आता भांडण होणार आणि माझी सुटका होणार, असं मला वाटलं. त्याने विचारलं, "काय झालं?" पोराने सांगितलं, "सर का एव्हरेज निकल रहा है." त्यावर त्या सेडानवाल्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "काका, माझी अठरा दाखवते हो," तो म्हणाला आणि माझ्या मागे उभा राहिला. दवाखान्यात नंबर लावतात तसा.

बुडणारा माणूस काडी पकडतो. मी पंप पकडला. "पंपच कमी देत असेल."

हे मी बोलायला नको होतं. पोराने न बोलता आत जाऊन पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप आणलं. हे माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, हे मी लोकांना नेहमी ऐकवत असतो. स्वतः कधी मागितलं नव्हतं, कारण मागे उभ्या असलेल्या माणसांची भीती वाटते. पोराने त्यात पाच लिटर भरले. गृहस्थ गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मापाच्या मानेवरच्या खुणांकडे बघत राहिले. "दहा मिली कमी. पंचवीसपर्यंत चालतं." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या अख्ख्या टाकीत पंचाण्णव मिली. एक कटिंग."

तर पंप निर्दोष सुटला. पोरगं मापातलं डिझेल परत ओतायला निघून गेलं. त्याच्या पाठीवर जो तिरस्कार होता तो मी अजून विसरलेलो नाही.

शेवटचा बाण माझ्याकडे होता. मी गाडीला मोठे टायर बसवले आहेत. कंपनीचे २५५/६५, मी टाकले २६५/६५, रिम तीच सतरा इंची. टायर मोठा की एका फेरीत अंतर जास्त कापलं जातं, पण गाडी जुन्याच टायरच्या हिशेबाने मोजते. म्हणजे ४१२ दाखवले तरी मी प्रत्यक्षात जास्त गेलो होतो! गृहस्थ पहिल्यांदाच थबकले. डायरीत गुणाकार केला. जुना व्यास ७६३ मिलिमीटर, नवा ७७६, फरक पावणेदोन टक्क्यांच्या आत-बाहेर.

"सात किलोमीटर तुमचे," ते गंभीरपणे म्हणाले. "आठ ऐंशी."

मी जिंकलो होतो. चौदा शतांशाने. सेडानवाल्याने माझ्याशी हात मिळवला.

"आता तो टायर ओढायला जे जास्त डिझेल लागतं, ते धरू का?" गृहस्थांनी विचारलं.

मी नको म्हणालो. बिल झालं ४,२८४ रुपये. राउंड फिगर करायची हिंमत कुणाचीच नव्हती.

घरी आल्यावर मी डॅलसच्या आतेभावाला फोन लावला. दुःख सांगायला आपल्याहून दुःखी माणूस लागतो. त्याच्याकडे तिथला हेवी ड्युटी पिकअप आहे, आमच्या सोसायटीच्या गेटमधून आत येणार नाही असला. "किती देतो?" मी विचारलं. "पंधरा," तो म्हणाला. क्षणभर माझ्या पोटात कालवलं. मग लक्षात आलं, हे मैल आणि गॅलन. पंधरा म्हणजे आपले सहा पूर्णांक चार. मागे कॅम्पर ओढला की चारच्या आसपास. आणि गंमत अशी की, भरल्या गाडीचं कमाल वजन साडेआठ हजार पौंडांच्या वर, म्हणजे आपल्या ३,८५५ किलोंच्या वर असलेल्या पिकअपला त्यांच्याकडे काचेवर मायलेजचं सरकारी लेबल लावावंच लागत नाही. तिथे मुळात कुणी आकडा सांगतच नाही, म्हणून फसवलं जाण्याची सोयच नाही. मालक लोक आपापले टाकी फुल करून हिशेब मांडतात आणि डॅशबोर्ड किती खोटं बोलतो यावर एकमेकांशी वाद घालतात. म्हणजे अमेरिकेतही काका आहेतच.

आपल्याकडे आकडा असतो. तो चाचणीतून येतो. गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. इथवर अगदी एल.बी.एस. रोडसारखंच. पण पुढे ११८० सेकंदांत साडेदहा किलोमीटरच्या वर अंतर होतं. सरासरी वेग तासाला ३२ च्या आसपास, जास्तीत जास्त ९०, एसी बंद. चाचणी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या रोलरवर रिक्षा आडवी येत नाही. मी भांडुपहून मुलुंडला येतो तेव्हा मेट्रोच्या खांबांमधून चार किलोमीटरला पाऊण तास लागतो. त्यातला अर्धा तास गाडी उभी असते, एसी चालू असतो आणि डिझेल जळत असतं. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य. हे गणित पाचवीतलं पोर करील, पण रस्ता खणताना ते कुणी करत नाही. एकच पट्टा वर्षात तिसऱ्यांदा खणतात. त्यात जळणारं डिझेल माझ्या गाडीच्या नावावर लागतं, खणणाऱ्याच्या नाही. एसटीच्या ड्रायव्हरचा आकडा निदान कुणीतरी लिहून तरी ठेवायचं. या खणणाऱ्यांचं केपीटीएल कुणी काढलं आहे का?

त्यात बीएस-६ ची, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली डिझेल गाडी. धुराच्या नळीत काजळीची जाळी असते. ती भरली की जाळून साफ करायला गाडी आपणहून जादा डिझेल ओतते. मोकळा रस्ता मिळाला तर काम दहा-वीस मिनिटांत आटोपतं. मुंबईत ते आटोपायच्या आत घर येतं. आपण चावी फिरवतो, जाळी अर्धवट राहते, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू. पोळी अर्धी भाजून गॅस बंद करायचा, आणि सकाळी पुन्हा तवा तापवायचा.

आणि गणपती! सोसायटीचा गणपती दरवर्षी माझ्या हौद्यातून येतो. लालबागहून मुलुंडपर्यंत, ढोल पुढे, मी पहिल्या गिअरमध्ये. त्या दिवशी स्क्रीनवर २.१ असतं. कमिटी मला नारळ देते.

बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. पण मी टेबलावर डोकं धरून बसलो होतो आणि समोरच्या कागदावर ९० भागिले ८.६६ मांडलेलं होतं. "किलोमीटरला दहा रुपये एकोणचाळीस पैसे," ती जाता जाता म्हणाली. "बारा देते तेव्हा साडेसात होते ना?" तिला आकडे पाठ होते. सगळा हिशेब तिला दोन वर्षं माहीत होता आणि ती माझ्या १२ ला मान डोलवत होती, त्या पाहुण्यासारखी, मनात तीन कमी करून.

त्या दिवशी निघताना गृहस्थांनी माझा नंबर घेतला, हे सांगायचं राहिलं. मला नाही म्हणता आलं नाही. आता दर रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजतो. गुलाबाचं फूल, दवबिंदू, "शुभ रविवार". त्याखाली दुसरा मेसेज: "किती?"

सेडानवाल्यालाही जातो, असं तो पंपावर भेटला तेव्हा कळलं. त्याची तेरा निघाली आहे, आणि तो फार खचला आहे.

आजच्या मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आठवडाभर एसी बंद ठेवला, काचा उघड्या टाकून धूळ खाल्ली, टायरमध्ये हवा दोनदा तपासली. काल टाकी फुल केली. ८.१ आली आहे.